नकाशाखालचा तांडा

“डी लिही. इंग्रजीतला डी. त्याच्यापुढं दोन टिंबं, एकावर एक. लिहिलं?”

“लिहिलं.”

“मंग तिरकी रेघ. मंग नकाशा, आपण फोल्डरला लिहितो तसंच. आता जागा सोड.”

“सोडली. पटपट बोल ना नाईक, यूपीएस चिरकून राहिला हितं.”

“परत तिरकी रेघ, परत नकाशा. जागा सोड. एनटीएफएस. जागा. बायनरी. जागा. शून्य. जागा. शून्य. संपली ओळ. आता फाइल ठेव, समद्या खिडक्या बंद कर आन् नव्यानं उघड.”

देविदास टेकडीच्या माथ्यावर पळसाच्या बुंध्याला हात लावून उभा होता. फुलसिंग नाईक तांड्यात मोबाइलला रेंज यायची ती एवढ्या एका पळसाखाली. फोनच्या त्या टोकाला, हिंगोलीतल्या मोजणीच्या कचेरीत, प्रज्ञेश बसला होता. दोघे एकाच मशीनवर काम करायचे, आणि प्रज्ञेश देविदासला नाईकच म्हणायचा. आज देविदासची रजा होती आणि प्रज्ञेशनं सकाळी मशीन उघडलं तर नकाशाच्या फोल्डरमधून सगळी गावं नाहीशी झालेली. संध्याकाळी कचेरीचे मालक अमृतराव सर नकाशांची सीडी घेऊन मोठ्या सरकारी कचेरीत जाणार होते.

“निस्तं रिकामं हाय रे,” फोन लागल्या लागल्या तो रडवेला होऊन म्हणाला होता. “एक-दोन किडमिड फायली पडल्यात. बाकी सफाचट. सर मला जिता गाडतेत.”

“काई गेलं न्हाई. जोड सुटली असंल,” देविदास हसून म्हणाला होता. “लिहून घे.”

आता पलीकडं कळफलकाची खडखड ऐकू आली आणि मग एकदम आरोळी.

“आलं! आलं गड्या! समदी गावं आली, एकूण एक.”

“आता लाइट जाऊ दे न्हाई तर राहू दे. ही जोड सुटत न्हाई. कायमची झाली.”

“लय उपकार, नाईक. सोमवारी चहा माझ्याकडं.”

“चहावर भागवतो व्हय? येताना भजी आण.”

खाली तांड्याच्या मधोमध लिंबाखाली नसाब बसला होता. तांड्याची पंचायत. म्हातारे पागोटी मांडीवर ठेवून वर टेकडीकडं बघत होते. देविदासचा चुलता बाबूसिंग हा आता तांड्याचा नाईक. त्यानं कपाळावर हात धरून उन्हाआड पाहिलं आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “बघा. फुलसिंगचं पोरगं. डोंगरावरून मशीन चालवून राहिलं.”

देविदास उतरून आला आणि आपल्या जागी मांडी घालून बसला. फोन येण्याच्या आधी तो जे सांगत होता तेच त्यानं पुन्हा सांगितलं.

“आपली घरं नकाशात लागली. एकबी सुटलं न्हाई. काल मी सवता लावली.”

“नसाबात बोलून राहिला तू,” बाबूसिंग म्हणाला.

“व्हय काका. नसाबात बोलतो.”

नसाबात दिलेला शब्द माघारी घेत नाहीत. घेतल्याचं कुणाला आठवतही नव्हतं.

*

तांड्याला नाव असतं ते नाईकाचं. नाईक मेला तरी काही काळ नाव तेच राहतं, मग हळूहळू बदलतं, जसा पोराचा चेहरा बापाच्या चेहऱ्यापासून वेगळा होत जातो. सेनगावच्या पलीकडं, कयाधूकडं पळणाऱ्या एका ओढ्याच्या कडेला फुलसिंग नाईकानं आपला तांडा बसवला तेव्हा त्याच्या बैलांच्या पाठीवरचं ओझं कायमचं उतरलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या मीठ आणि धान्य वाहणारे लोक ज्वारी पेरायला लागले. पण कागदाला ते कळलं नाही. सरकारी नकाशात ती जागा पडीक होती, आणि पडीकच राहिली.

मग ओढ्यावर तलाव बांधायचं ठरलं. पाणी कुठवर येईल, त्यात काय काय बुडेल, याची पाहणी अमृतरावांच्या खासगी कचेरीला मिळाली. अमृतराव मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रज्ञेश आणि देविदासला ठेवलं होतं. भिंत कुठं घालायची हे त्या नकाशावरून ठरणार होतं. वस्ती दिसली तर भिंत वर सरकणार होती, ओढ्याच्या अरुंद गळ्याशी, आणि तांडा कोरडा राहणार होता. वस्ती दिसली नाही तर नाही.

म्हणून देविदास उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र हातात घेऊन आपल्याच तांड्यात दारोदार फिरला. ते यंत्र नव्या जागी गेलं की थोडं गोंधळतं. आभाळातले तारे सापडेपर्यंत त्याला घेऊन निश्चल उभं राहावं लागतं. प्रत्येक दारात तो असा उभा राहिला, आणि प्रत्येक दारातून कुणीतरी विचारलं, “पाणी घेतो का रे?” मिराबाईनं तर त्याच्या मोकळ्या हातात भाकरीच दिली. “नुसता काय उभा ऱ्हातो देवासारखा. खा.”

आपल्या दारात तो आला तेव्हा आई जात्यावर बसली होती. तांड्यात आईला याडी म्हणतात. अनुसयाबाईनं मान वर केली.

“झालं का?”

“थांब याडी. अजून ठरलं न्हाई त्याचं.”

“थांबतो तर थांब. लई येळ थांब. पक्कं लागलं पाह्यजे आपलं दार.”

आणि मग जात्याच्या घरघरीवर तिनं जोडून म्हटलं. आपल्या बोलीत म्हटलं, पण त्याचा मराठीत अर्थ असा व्हायचा:

लेक दारी उभा राही, हाती इवलीशी पेटी
आभाळाची गं चांदणी, माझ्या उंबऱ्याला भेटी.

देविदासला हसू आलं आणि यंत्र हललं. पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागलं.

*

कचेरीतलं मशीन विंडोजवर चालायचं. पण अमृतरावांना नकाशाचं काम शिकवणाऱ्या माणसाची सगळी अवजारं युनिक्सची होती, म्हणून त्यानं जाताना विंडोजच्या पोटात युनिक्ससारखं एक घर बांधून दिलं होतं. सिग्विन त्याचं नाव. या घराला सी आणि डी असले कप्पे समजत नाहीत. त्याला एकच झाड ठाऊक, एकच मूळ, बाकी सगळ्या फांद्या. नकाशे तर होते डी कप्प्यात. तेव्हा त्याला सांगावं लागायचं की ही जी नकाशा नावाची फांदी आहे ना, तिथं तो डी कप्प्यातला ढीग टांगलेला आहे असं समज. या सांगण्याला माउंट म्हणतात. देविदास आणि प्रज्ञेश त्याला जोड म्हणायचे.

जुन्या आवृत्तीत जोड एकदा सांगितली की तिच्या ध्यानात राहायची. उन्हाळ्यात प्रज्ञेशनं हौसेनं नवी आवृत्ती टाकली. ती मशीन बंद पडलं की सगळं विसरायची. सकाळी आलं की देविदास पहिल्यांदा जोडीची आज्ञा लिहायचा, मग काम. कायमचं करायचं असेल तर एका ठरलेल्या फाइलीत ती ओळ घालून ठेवायची, हे देविदासनं वाचलं होतं. आज घालू, उद्या घालू, करता करता राहिलं होतं.

नसाबाच्या आदल्या दुपारी तो यंत्रातल्या नोंदी मशीनमध्ये उतरवायला बसला. भारनियमनाची वेळ नव्हती, तरी लाइट गेली. यूपीएस थोडा वेळ रडला आणि मशीनही गेलं. लाइट आली तेव्हा सेनगावची शेवटची जीप निघायची वेळ जवळ आली होती. त्यानं घाईनं मशीन सुरू केलं, यंत्राची वायर लावली, आपली आज्ञावली चालवली. जोडीची ओळ लिहायची राहिली.

जोड नसताना नकाशाची फांदी नाहीशी होत नाही. ती असते, फक्त रिकामी असते. आणि आज्ञावलीत त्यानं स्वतःच सोय करून ठेवली होती की फोल्डर नसेल तर अडून बसू नकोस, नवं कर आणि त्यात ठेव. तिनं तसंच केलं. पडद्यावर त्यानंच लिहून ठेवलेला शब्द उमटला. झालं.

त्यानं खात्रीही केली. फुलसिंग नावाची फाइल आहे का विचारलं. आहे, असं उत्तर आलं. बापाचं नाव पडद्यावर बघून तो क्षणभर थांबला, मग पिशवी उचलून जीपकडं धावला.

दुसऱ्या दिवशी पळसाखालून सांगितलेल्या ओळीनं डी कप्प्यातला ढीग त्या फांदीवर परत टांगला गेला. सगळी गावं आली. आणि त्या फांदीवर आधी जे ठेवलं होतं, ते त्या ढिगाखाली झाकलं गेलं. पुसलं नाही, हरवलं नाही. झाकलं गेलं. त्या संध्याकाळी सीडी गेली ती वरच्या ढिगाची.

*

दिवाळीनंतर ओढ्यात पांढरे दगड रोवायला माणसं आली. दगड तांड्याच्या वर रोवले नाहीत. खाली रोवले, चांगले दूर. बाबूसिंग काठी टेकत त्यांच्याकडं गेला.

“साहेब, हितं भिंत आली तर आमी पाण्यात.”

“तुम्ही कोण?”

“तांडा हाय आमचा.”

माणसानं कागद उलगडला, बोट फिरवलं. “हितं काही नाही, बाबा. पडीक आहे.”

“ही काय घरं उभी हायेत.”

“डोळ्याला आहेत. नकाशात नाहीत. हरकतीची मुदतबी गेली की.”

बाबूसिंगानं पळसाखाली जाऊन फोन लावला. फार काही बोलला नाही. “देविदास, आपुन कागदात न्हाई म्हणून राहिलेत. तू एकदा बघून घे.”

देविदासनं मशीन उघडलं. नकाशाच्या फांदीवर गावामागून गाव तपासलं. फुलसिंग नव्हता. त्यानं नाव बदलून शोधलं, तारखेनं शोधलं. शेजारच्या खुर्चीवरून प्रज्ञेश म्हणाला, “काय हुडकून राहिला?”

“तांडा.”

“तू तर लावला होता ना?”

देविदासची बोटं कळफलकावर थांबली. त्याला पळस आठवला, उन्हात तापलेला बुंधा आठवला, आणि फोनमधला रडवेला आवाज.

“प्रज्ञेश, त्या दिवशी तू म्हणालास, एक-दोन किडमिड फायली हायेत. कोणत्या होत्या?”

“कोण बघतंय रे? मला गावांची पडली होती.”

देविदासनं जोड सोडायची आज्ञा दिली. गावं गेली. फांदी रिकामी झाली असं वाटलं, आणि मग त्या रिकाम्या जागेत एकटी फाइल दिसली. फुलसिंग. त्यानं ती पडद्यावर काढली. ओढ्याच्या रेघेशेजारी ठिपके उमटले, दाणे सांडावेत तसे. बाबूसिंगाचं घर, मिराबाईचं, लिंबाची जागा, कडेला आईचं. पक्कं लागलं होतं. एकही सुटलं नव्हतं.

प्रज्ञेशनं बघितलं, आणि त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. “म्हंजे मीच...”

“तू न्हाई. ओळ मी सांगितली.”

“लिहिली मी.”

“मी सांगितली तशी लिहिली.”

*

अमृतरावांनी चष्मा पुसून सगळं ऐकून घेतलं. मग उठून स्वतः पडद्यापाशी आले, ठिपके पाहिले, फाइलीची तारीख पाहिली.

“तारीख तर बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मंग सर, एक पत्र देऊ. चूक झाली म्हणून. मी माझ्या नावानं देतो.”

“तुझ्या नावानं?” अमृतराव खुर्चीत बसले. “देविदास, विचार कर. नकाशा मंजूर झाल्यावर कचेरीतला पोरगा म्हणतो, एक वस्ती राहिली. कोणती वस्ती? त्याचीच. तांड्याचं नाव काय? त्याच्या बापाचं. पुरावा काय? त्याच्याच हाताखालचं मशीन. मशीनची तारीख तर तूही बदलू शकतोस, मीही.”

“मी बदलली न्हाई.”

“मला ठाऊक आहे.” ते खरंच कळवळून बोलत होते. “पण खरं कुणाच्या तोंडून येतं, तेसुद्धा लोक बघतात.”

“तुमच्या तोंडून आलं तर?”

भिंतीवरच्या घड्याळाखाली त्यांच्या दुसऱ्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता, अमृतराव तिकडं बघत राहिले. “माझ्या तोंडून आलं तर पुढचं काम मिळत नाही. आणि भिंतही हलत नाही. निविदा निघाली.”

प्रज्ञेश दाराशी उभा होता. तो एकदम म्हणाला, “सर, माझ्या नावानं द्या. मी त्या तांड्याचा न्हाई.”

प्रज्ञेशच्या नावानं पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं नाही. एकदा तो स्वतः मोठ्या कचेरीत गेला, तर त्याला बाकावर बसवून ठेवलं, आणि शेवटी कुणीतरी हसून विचारलं, “तांड्यात सोयरीक केली का रे?” तो परत आला आणि दोन दिवस देविदासच्या नजरेला नजर देईना.

*

नसाब पुन्हा बसला. देविदास उभा राहिला आणि जे घडलं ते सांगायला लागला. कप्पे, फांदी, जोड. मध्येच त्याला कळलं की कुणालाच काही समजत नाही, आणि समजूनही काही होणार नाही. तो थांबला.

मिराबाई मागून म्हणाली, “म्हंजे आमची घरं लागली होती का न्हाई, तेवढं सांग.”

“लागली होती, काकी.”

“मंग?”

“वरून झाकल्या गेली.”

“कोणी झाकली?”

“मी.”

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी काठी उगारली असती तरी चाललं असतं. बाबूसिंगानं पागोटं डोक्यावर ठेवलं, उठताना देविदासच्या खांद्याचा आधार घेतला, आणि एवढंच म्हणाला, “चला. टेकडीवर कुठं जागा सपाट हाय, बघाया पाह्यजे.”

त्या दिवसापासून तांड्यात त्याला कुणी काही विचारेनासं झालं. पूर्वी पोरांचे दाखले, म्हाताऱ्यांच्या पेन्शनी, रेडिओ बिघडला तरी लोक त्याच्याकडं यायचे. आता सरकारी कागद आला तर सेनगावला जाऊन दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. त्याला भाकरी वाढायचे, पाणी द्यायचे, पाहुण्याला देतात तसं.

मातीची भिंत एका उन्हाळ्यात उभी राहिली. पडिकात घरं नसतात, म्हणून घरांचं काही मिळालं नाही. लोकांनी लाकूडफाटा, पत्रे, दारं काढून टेकडीवर नेली. बैलांच्या पाठीवर पुन्हा ओझं आलं. अनुसयाबाईनं जातं नेऊ दिलं नाही. “जड हाय,” म्हणाली. “वर काय दळायचं हाय मला?” ते तिथंच राहिलं, रोवलेल्या जागी, खुंटा वर.

श्रावणात पाणी चढलं. आधी मिराबाईच्या ओट्याशी आलं, मग लिंबाच्या बुंध्याशी. लिंब बराच काळ हिरवा राहिला, नुसतं डोकं वर काढून. मग तोही वाळला. टेकडीवरच्या नव्या वस्तीला लोक पळसाचा तांडा म्हणायला लागले. फुलसिंगचं नाव कुणी ठरवून काढलं नाही. ते आपोआप गळालं.

*

डोळे दाखवायला म्हणून अनुसयाबाई हिंगोलीला आली होती. डॉक्टरकडं गर्दी होती, तोवर देविदासनं तिला कचेरीत आणून बसवलं. प्रज्ञेशनं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. ती खुर्चीच्या कडेला बसली, पदर सावरून.

“हेच का ते मशीन?”

“व्हय.”

“ह्याच्यात हाय म्हणत होता तू.”

देविदासनं प्रज्ञेशकडं पाहिलं. प्रज्ञेशनं चालू काम ठेवून दिलं आणि मान हलवली. देविदासनं जोड सोडली. रोज सकाळी, प्रज्ञेश यायच्या आधी, तो हेच करायचा, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. गावं गेली आणि ठिपके आले.

“हा ओढा, याडी. हे काकांचं. हे मिराबाईचं. ह्यो लिंब.”

अनुसयाबाई पुढं वाकली. डोळ्यांवर सारा आला होता, सगळं धूसर दिसायचं, तरी तिनं बोट बरोबर नेलं, कडेच्या ठिपक्यावर.

“हे आपलं.”

“व्हय.”

“तू लई येळ उभा होता तिथं.”

“व्हय.”

तिनं बोट काढलं नाही. काच थंड असावी. जरा वेळानं तिनं विचारलं, “हितं पाणी न्हाई आलं?”

“न्हाई. हितं न्हाई आलं.”

बाहेर चहावाल्यानं हाक दिली. आतल्या खोलीतून अमृतरावांचा आवाज आला की औंढ्याकडच्या गावांचा नकाशा काढून ठेवा, माणूस येतोय. प्रज्ञेश हळूच म्हणाला, “राहू दे थोडं. मी सांगतो त्यांना.”

“न्हाई,” देविदास म्हणाला. “काम हाय.”

त्यानं जोडीची ओळ लिहिली. ठिपके गेले. त्या जागी गावं आली, रस्ते आले, गावशिवांच्या रेघा आल्या, आणि ओढ्याच्या कडेला पांढरी मोकळी जागा.

अनुसयाबाईचं बोट अजून काचेवर होतं.

“गेला?”

“हाय, याडी,” तो म्हणाला. “खाली हाय.”

तिनं मान हलवली. मग पदराच्या टोकानं, आपल्या बोटाचा डाग पडला होता तेवढीच काच तिनं पुसून दिली.